घाई त्यांची, दाढ तुमची

नागपुरात उज्ज्वलनगर मेट्रो स्टेशनकडून मनीषनगरात शिरून बेसा रोडला लागलं की दर दोन औषधांच्या दुकानांमागे एक दाताचा दवाखाना दिसतो. स्पर्धा आहे, आणि स्पर्धेत पाट्या बोलू लागतात. अलीकडे त्या एकच गोष्ट बोलतात: सिरॅमिकची कॅप, डिजिटल पद्धतीने, त्याच दिवशी. तोंडात लगदा भरून माप देणं नाही, लॅबची वाट पाहणं नाही, दुसरी फेरी नाही. मिहानमध्ये नोकरीला जाणारा, शनिवारी एकच सुट्टी मिळणारा माणूस हे वाचून थांबतो, यात नवल नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या आश्वासनातलं ‘सिरॅमिक’ बहुतेक वेळा खरं असतं, ‘डिजिटल’ही खरं असतं. पण ‘त्याच दिवशी’ ही दाताच्या कामाची कसोटीच नव्हे. जे यंत्र दात वाचवण्यासाठी जन्माला आलं ते आज वेळ वाचवण्याच्या नावावर विकलं जातंय, आणि या अदलाबदलीत दाताचा जो भाग वाचू शकला असता तो घासला जाऊन सक्शनच्या नळीतून निघून जातो.

पण त्याआधी दुसऱ्या बाजूच्या मंडळींना उत्तर देणं भाग आहे, नाहीतर ते मला आपल्या पंगतीला बसवतील. जुन्या वळणाचा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: तासा-दोन तासांत झालेली कॅप टिकणार कशी? लॅबमधला कारागीर मेण कोरतो, धातू ओततो, पोर्सेलिनचे थर चढवतो, भट्टीत घालतो. त्याला आठवडा लागतो म्हणून ते काम पक्कं. हा तर्क लोणच्याला लागू पडेल. कॅप मुरत नाही. आठवड्यातला बराचसा काळ ती कुरियरच्या पिशवीत किंवा लॅबच्या टेबलावर आपल्या पाळीची वाट पाहत पडलेली असते. कारागिराच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे, आणि पुढे एका ठिकाणी मी त्याची बाजू घेणारही आहे, पण उशीर हा काही त्याच्या कौशल्याचा भाग नाही.

या आक्षेपाला खरं उत्तर इतिहासात आहे. १९ सप्टेंबर १९८५ रोजी झुरिक विद्यापीठाच्या दंतविभागात वेर्नर मॉर्मान हा दंतवैद्य आणि मार्को ब्रांदेस्तिनी हा अभियंता, या जोडीने घडवलेल्या ‘सेरेक’ यंत्रावर कोरलेला पहिला सिरॅमिकचा तुकडा त्याच बैठकीत रुग्णाच्या दातात बसला. कॅमेऱ्याने दाताचं माप घ्यायची कल्पना त्याआधीच, १९७३ साली, फ्रान्समध्ये फ्रांस्वा द्यूरे याने आपल्या प्रबंधात मांडली होती. रुग्ण खुर्चीत असतानाच शेजारी दात कोरून काढणं मात्र झुरिकचं.

मॉर्मानची अडचण समजून घ्यावी, कारण पुढचा सगळा वाद तिच्यातूनच सुटतो. दाढेतली कीड काढली की खड्डा उरतो. तेव्हा त्यात चांदी भरत. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट आलं होतं, पण ते कडक होताना आकसतं. मोठ्या खड्ड्यात कडेने सुटतं, फट पडते, फटीत पुन्हा कीड. मॉर्मानने विचार केला की आधीच कडक असलेला सिरॅमिकचा तुकडा खड्ड्याच्या बरोबर मापाचा कोरून आत चिकटवला, तर आकसायला मध्ये फक्त गोंदाचा पातळ थर उरेल. हा तुकडा म्हणजे इनले. तो दाताच्या आत बसतो; तोच उंचवटे झाकत वर पसरला की त्याला ऑनले म्हणतात. दाताला चहूबाजूंनी घासून वर टोपी चढवणं हा त्याचा हेतूच नव्हता. उलट ते टाळणं हा हेतू होता. त्याच दिवशी काम उरकणं ही त्याची सोय होती, आणि गरजही: ताजा कापलेला दात लगेच बंद करता येत होता.

ते पहिलं यंत्र इतकं ओबडधोबड होतं की तुकड्याचा चावण्याचा पृष्ठभाग त्याला कोरताच येत नसे. वरचे उंचवटे आणि खाचा डॉक्टरने तुकडा बसवल्यावर हाताने घडवायच्या. कडेच्या फटीही आजच्या मानाने चांगल्याच रुंद. आता निकाल पाहा. स्वित्झर्लंडमधलेच टोबियास ओटो यांनी आपल्या खासगी दवाखान्यात त्या काळात बसवलेल्या इनले-ऑनलेंचा पाठपुरावा सोडला नाही. १७ वर्षांनी टिकण्याचं प्रमाण निघालं ८८.७ टक्के, आणि २७ वर्षांपर्यंतचा हिशेब २०१७ मध्ये छापून आला तेव्हा ८७.५ टक्के. एक मेख मान्य करतो: अशा पाहणीत जे रुग्ण परत येतात त्यांचीच मोजणी होते, आणि सत्तावीस वर्षं एकाच डॉक्टरकडे जाणारा रुग्ण दातही बऱ्यापैकी घासत असणार. तरीही तासाभरात कोरलेली वस्तू पाव शतक चावते, एवढं सिद्ध व्हायला हे पुरे.

म्हणजे ‘झटपट ते कच्चं’ हे म्हणणं निकालात निघालं. पण पाटीवाल्यांनी टाळ्या वाजवू नयेत, कारण ओटोंच्या आकड्यांनी खरी पंचाईत त्यांचीच होते. त्या दातांमागे आजचं रंगीत व्हिडिओ काढणारं स्कॅनर नव्हतं, आपोआप आराखडा सुचवणारं सॉफ्टवेअर नव्हतं, झिरकोनिया नव्हतं. होतं ते एवढंच: दाताचा बराच भाग शाबूत, कडेला इनॅमल, आणि कोरड्या दातावर मन लावून केलेली चिकटवण. या तिन्हींपैकी एकही गोष्ट यंत्राबरोबर विकत येत नाही.

आज मात्र या यंत्रावर प्रामुख्याने काय विकलं जातं? पूर्ण कॅप. डॅनियल एडेलहॉफ आणि जॉन सोरेन्सन यांनी २००२ मध्ये एक साधा हिशेब मांडला. दाढेचा हिरडीवरचा भाग वजनात धरला, तर वेगवेगळ्या कामांसाठी त्यातला किती घासून काढावा लागतो? इनले-ऑनलेसाठी ५.५ ते २७.२ टक्के. पूर्ण कॅपसाठी ६७.५ ते ७५.६ टक्के. पुन्हा वाचा. कॅप बसली म्हणजे दाढ वाचली असं आपण म्हणतो, तेव्हा तिचा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश दिसणारा भाग आधीच गेलेला असतो. उरतो तो खुंट. आणि जे एकदा घासलं ते परत येत नाही. पुढच्या वेळी कॅप बदलायची झाली तर घासायला आणखी कमी उरलेलं असतं.

यावर हमखास येणारं उत्तर असं: रूट कॅनल झालेली दाढ ठिसूळ असते, तिला कॅप लागतेच. हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच इतकं टिकून आहे. रूट कॅनल झालेली दाढ फुटते ती मुख्यतः तिचा गाभा किडीने आणि उपचाराने पोकळ झाल्यामुळे, आणि भिंती पातळ उरल्यामुळे. म्हणून तिचे उंचवटे वरून झाकले पाहिजेत, यात वाद नाही. पण वरून झाकणं वेगळं आणि उरलेल्या भिंती बाहेरून घासून आणखी पातळ करणं वेगळं. भिंती पातळ झाल्या म्हणून काळजी करायची आणि उपाय म्हणून त्याच भिंती घासायच्या, हा कोणता न्याय? झाकण्याचं काम ऑनले करते. दाढेच्या पोकळीत आधार घेऊन वर पसरणारा ‘एंडोक्राऊन’ही करतो, आणि गंमत म्हणजे त्यावरचं सुरुवातीचं काम १९९९ मध्ये बिंडल यांच्यासोबत याच मॉर्मान यांनी केलं होतं, याच यंत्रावर. म्हणजे यंत्राच्या जन्मदात्यानेच वाट दाखवून ठेवली आहे. आपण त्या वाटेने गेलो नाही.

का गेलो नाही? इथे मी मनीषनगरच्या किंवा कुठल्याही गावच्या दंतवैद्यांवर लबाडीचा ठपका ठेवणार नाही. कारण बऱ्याच साध्या गोष्टींत आहे. कॅप करायला हात बसलेला असतो, कॉलेजात तीच सर्वांत जास्त केलेली असते. कॅपचा आकार घट्ट बसतो, त्यामुळे चिकटवण थोडी हलकी झाली तरी ती लगेच सुटत नाही. ऑनले मात्र चिकटवणीवरच जगते, तिथे हयगय चालत नाही. रुग्णाला ‘कॅप’ कळते, तिचा दर त्याला शेजाऱ्याकडून आधीच माहीत असतो. आणि मग यंत्र. स्कॅनर, कोरणी यंत्र, भट्टी असा संच घ्यायचा म्हणजे कित्येक लाखांचं कर्ज. महिन्याचा हप्ता ठरलेल्या तारखेला येतो, आणि हप्त्याला ऑनले आणि कॅप यांतला फरक कळत नाही; त्याला फक्त महिन्यात सिरॅमिकचे किती ठोकळे कोरले ते कळतं.

यंत्राचाही स्वतःचा एक हट्ट असतो, तो जाहिरातीत येत नाही. कोरणी यंत्राचा बर, म्हणजे कोरायचं टोक, ठरावीक जाडीचा असतो. घासलेल्या दाताची कड त्या जाडीपेक्षा बारीक किंवा अणकुचीदार राहिली, तर बर तिथे आत शिरू शकत नाही. मग सॉफ्टवेअर तुकड्याचा आतला भाग जरा जास्त कोरून वाट काढतं, आणि तुकडा आतून सैल बसतो. ते टाळायला दातच गोलसर घासायचा. सिरॅमिकला पुरेशी जाडी लागते, दीड मिलिमीटरच्या आसपास, म्हणून वरूनही घासायचं. मोजक्या हातांत हे मर्यादेत राहतं. घाईत असलेल्या हातांत दात यंत्राच्या मापाचा होतो.

आता ‘त्याच दिवशी’ या शब्दांकडे येऊ. कोणत्या दिवशी? दात घासला त्या दिवशी. तुम्ही दवाखान्यात पाऊल ठेवलं त्या दिवशी नव्हे. पण पाटी वाचणारा माणूस दुसराच अर्थ घेतो, आणि त्याला तो घेऊ दिला जातो.

विदर्भाच्या तोंडाबद्दल झुरिकला काही ठाऊक नव्हतं. इथे खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटायचा आणि गालात दाबायचा. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. पानठेल्यावरचं घोटणं थांबलं नाही. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’सारखी व्यसनमुक्तीची मोहीम गावोगाव फिरते आहे ती उगाच नाही. अशा तोंडात दाढेच्या कडेची हिरडी सुजलेली, जरा टोक लागलं की रक्त येणारी, दातावर खाली दडलेलं कीटण. स्कॅनर प्रकाशावर चालतं. जिथे प्रकाश पोचत नाही, रक्ताखाली, थुंकीखाली, सैल हिरडीखाली, तिथे त्याला काही दिसत नाही. सॉफ्टवेअर मग कड कुठे असावी त्याचा अंदाज पडद्यावर आखतं. अंदाजाच्या रेषेवर कोरलेली कॅप अंदाजानेच बसते. योग्य क्रम असा की आधी दात साफ करायचे, खर्रा बंद करायला लावायचा किंवा निदान कमी करायला, हिरडी बसायला आठ-पंधरा दिवस द्यायचे, मग दात घासायचा आणि स्कॅन करायचा. त्या पुढच्या दिवशी काम दोन तासांत झालं तर उत्तमच. पण ती पहिल्या फेरीची गोष्ट राहत नाही.

खर्ऱ्याने दुसरंही काही होतं. सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते, तोंड उघडणं कमी होतं. ज्याला डॉक्टर सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात तो आजार. कबूल करायला हवं की अशा रुग्णाच्या तोंडात लगद्याने भरलेला ट्रे घुसवण्यापेक्षा स्कॅनरचं टोक सोपं. पण दात घासायचं हँडपीस त्याहून जास्त जागा मागतं, आणि दोन बोटंही न मावणारं तोंड दोन तास ताणून ठेवणं ही सोय नव्हे. अशांना छोट्या छोट्या बैठका हव्यात, तिथे ‘एकाच बैठकीत’ हे आमिष उलटंच पडतं. मुळात असं तोंड दिसलं की कॅपच्या आधी कॅन्सरची तपासणी आली. सुपारी चावून दाढा खाली झिजलेल्या असतात ते वेगळंच. तिथे सिरॅमिकला जागाच उरलेली नसते, आणि चाव्याचा विचार सवडीने न करता कॅप बसवली की ती एकतर फुटते किंवा समोरच्या दाढेला खाते. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराईडच्या पाण्यावर वाढलेल्यांचं इनॅमल आणखी निराळं वागतं, त्यावर चिकटवण नेहमीसारखी पकडत नाही.

एक गोष्ट आणखी हरवते, तिची नोंद फारसं कुणी घेत नाही. पूर्वी माप लॅबला गेलं की तिथला कारागीर फोन करायचा: कड दिसत नाही, बबल आलाय, पुन्हा माप पाठवा. डॉक्टर कुरकुरायचा, पण पाठवायचा. त्या फोनमुळे किती कॅपा वाचल्या असतील याची गणती नाही. खुर्चीशेजारच्या यंत्रात हा दुसरा डोळाच गेला. ज्याने दात घासला तोच कड आखतो, तोच आराखडा मंजूर करतो, तोच कोरतो, तोच बसवतो. आपल्याच कामातली चूक आपल्याला दिसायला एरवीही वेळ लागतो, आणि इथे तर बाहेर पुढचा रुग्ण बसलेला असतो. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने डेंटल मेकॅनिक हा स्वतंत्र, नोंदणी होणारा व्यवसाय मानला होता. तो निव्वळ हमाल नव्हता. ज्या दवाखान्यांकडे फक्त स्कॅनर आहे आणि ते फाइल लॅबला पाठवतात, तिथे हा दुसरा डोळा शिल्लक राहतो, मापाचा लगदाही टळतो. माझ्या मते आज नागपुरातल्या बऱ्याच रुग्णांसाठी हीच सर्वांत शहाणी व्यवस्था आहे, पण तिच्यात ‘त्याच दिवशी’ नाही म्हणून तिची पाटी लागत नाही.

मजबुतीच्या आकड्यांबद्दल. झिरकोनिया हजार मेगापास्कलच्या वर, लिथियम डायसिलिकेट साडेतीनशेच्या पुढे, जुनं फेल्डस्पार सिरॅमिक दीडशेच्या आसपास. हे आकडे रुग्णाला असे ऐकवले जातात जणू मोठा आकडा म्हणजे जास्त वर्षं. ओटोंचे सत्तावीस वर्षं टिकलेले तुकडे या यादीत सर्वांत खालच्या, दीडशेवाल्या घराण्यातले होते. चिकटवलेला काचेसारखा सिरॅमिक दाताचा भाग होऊन भार वाटून घेतो. न फुटणाऱ्या कॅपखाली मात्र फुटायचं काम दातावर येतं, आणि मूळ उभं फुटलं की त्यावर कुठलंच यंत्र नाही. शिवाय जो पारभासक, दिसायला सुंदर झिरकोनिया पुढच्या दातांसाठी दाखवतात तो हजारवाला नसतोच. त्याची ताकद हजाराच्या बरीच खाली असते. झिरकोनियाबद्दल ‘समोरच्या दाताला खातो’ हा आरोपही मी सरसकट मान्य करत नाही. चकचकीत पॉलिश केलेला झिरकोनिया समोरच्या इनॅमलला फारसा त्रास देत नाही. त्रास देतो तो चावा जुळवताना बराने खरवडलेला आणि नंतर ‘चालतंय’ म्हणून तसाच सोडलेला. निळा कागद चावायला दिला, उंच लागतं तिथे घासलं, आणि मग पॉलिश केलं का? दहा मिनिटांचं काम. घाईत गळणारं पहिलं काम हेच.

आणि ते वॉरंटी कार्ड. दहा वर्षं, पंधरा वर्षं, काही ठिकाणी आयुष्यभराची. रुग्ण ते आधार कार्डाशेजारी जपून ठेवतो. ती हमी कॅपच्या साहित्याची असते. कॅपखाली कीड लागली, हिरडी उतरली, मूळ फुटलं, यांतलं काहीही तिच्यात नाही. नवी कॅप फुकट मिळेल; तिच्यासाठी पुन्हा घासलेली दाढ कोण भरून देणार?

वेळ वाचवण्याची हाव साहित्यापर्यंत पोचली की काय होतं याचं एक उदाहरण जगासमोर आहे. लिथियम डायसिलिकेटचा ठोकळा जांभळट अवस्थेत कोरतात. मग तो साडेआठशे अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भाजला की त्याला ताकद आणि रंग येतो. त्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात. झिरकोनिया तर पारंपरिक भट्टीत कित्येक तास मागतो, आणि भाजताना आकसतो म्हणून मुद्दाम मोठा कोरावा लागतो. ही भट्टीच टाळायची म्हणून रेझिन मिसळलेले ठोकळे आले: कोरा, पॉलिश करा, बसवा. त्यातला थ्रीएम कंपनीचा ‘लाव्हा अल्टिमेट’ जोरात चालला, आणि २०१५ मध्ये कंपनीला त्याचा पूर्ण कॅपसाठीचा वापर मागे घ्यावा लागला, कारण कॅपा अपेक्षेपेक्षा जास्त सुटून येत होत्या. इनले-ऑनलेसाठी त्याची शिफारस कायम राहिली. भट्टीची वीस मिनिटं वाचवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, आणि ‘सिरॅमिक’ म्हणून आपल्या तोंडात नेमका कोणता ठोकळा गेला ते रुग्णाने बिलावर लिहून मागावं. डब्यावर नाव असतं, बॅच क्रमांक असतो. लिहायला अर्धं मिनिट लागतं.

सगळ्यात जास्त घाई मात्र शेवटच्या टप्प्यात होते, आणि दाताचं भवितव्य तिथेच ठरतं. काचेच्या सिरॅमिकचा आतला भाग हायड्रोफ्लुओरिक आम्लाने वीसेक सेकंद खरवडायचा, धुवायचा, सिलेन लावायचं. दात वेगळा तयार करायचा. बसवून पाहताना थुंकी लागली असेल तर सिरॅमिक पुन्हा स्वच्छ करायचं. झिरकोनियावर हे आम्ल चालतच नाही, तिथे वाळूचा मारा आणि वेगळं रसायन. या सगळ्यात दात कोरडा हवा. जीभ, गाल, श्वासाची वाफ यांपासून दूर. त्यासाठी रबराचा पडदा लावतात, रबर डॅम. रुग्णाला यंत्रातलं काही कळलं नाही तरी हा हिरवा-निळा पडदा दिसतो, जाणवतो, आवडत नाही. मी आजवर अशी एकही पाटी पाहिलेली नाही जिच्यावर यंत्राऐवजी रबर डॅमचा फोटो आहे. आपल्याला काय विकलं जातंय ते एवढ्यावरून कळतं.

आता विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. ज्यांना ट्रे तोंडात जाताच उलटीची उबळ येते त्यांच्यासाठी स्कॅनर ही मोठी सुटका आहे. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात लावलेली तात्पुरती कॅप निघते, खालून पाणी झिरपतं, दाताला ठणका लागतो, तिचं सिमेंट दाताच्या पृष्ठभागावर राहून नंतरची चिकटवण बिघडवतं. पास्कल मान्ये यांनी २००५ मध्ये ताजा कापलेला दात लगेच बंद करण्याचा आग्रह धरला तो याचसाठी, आणि एका बैठकीत काम झालं की हा प्रश्न आपोआप सुटतो. दुसरं इंजेक्शन टळतं. हे फायदे मी नाकारत नाही. पण हे सगळे दाताचे फायदे आहेत, घड्याळाचे नव्हेत. आणि इनले-ऑनले केली तर ते जास्त मिळतात.

समोरच्या एकाच दाताचं काम असेल, वरचा मधला दात, तर मात्र मी त्या आठवडा घेणाऱ्या कारागिराकडेच जाईन. एका रंगाच्या ठोकळ्यातून शेजारच्या दातासारखा दात काढणं फार कठीण. त्याची धार, आतली पांढुरकी झाक, हिरडीजवळचा पिवळटपणा हे थरांचं काम आहे. शिवाय तोंड तासभर उघडं राहिलं की दात कोरडे पडून पांढरे दिसतात, आणि त्या पांढऱ्यावरून निवडलेला रंग दुसऱ्या दिवशी आरशात चुकलेला असतो.

शेवटचा बचाव असतो तो ‘लोकांनाच घाई आहे’ हा. कोणत्या लोकांना? मनीषनगरातला माणूस दुसऱ्या फेरीला पायी जाऊ शकतो. दवाखाने रात्री साडेनऊपर्यंत उघडे असतात. त्याची घाई ही सवय आहे, गरज नव्हे, आणि ती पाटीनेच लावलेली आहे. खरी गरज ज्याला आहे तो गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीहून, गोंदियाहून, मध्य प्रदेशातल्या बालाघाट-छिंदवाड्याहून एसटीने किंवा पॅसेंजरने नागपूरला येतो. त्याची दुसरी फेरी म्हणजे आणखी एक-दोन दिवसांची मजुरी, तिकीट, मुक्काम. म्हणून तो दुसऱ्या फेरीला येतच नाही. घासलेली दाढ तात्पुरत्या कॅपखाली किडून जाते आणि पुढच्या वर्षी ती काढायला येतो. एका बैठकीत टिकाऊ काम होण्याचं मोल त्याला आहे. यंत्रं मात्र कर्ज फिटेल तिथे जातात, म्हणजे वर्धा रोडच्या दोन्ही अंगांना.

तेव्हा या तंत्रज्ञानाचं कौतुक करणाऱ्यांनी पुढची मागणी तरी नीट करावी. १९६८ पासून नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात असलेल्या शासकीय दंत महाविद्यालयात बाहेरगावच्या रुग्णासाठी एकाच बैठकीतल्या ऑनलेची रोजची, नेमाची सोय हवी, केवळ पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधापुरती नको. हिरडी सुजलेली नसेल तर तिथे सफाई आणि रूट कॅनल आधीच्या दिवशी, ऑनले दुसऱ्या दिवशी, आणि मधली रात्र काढायला जागा, असा दोन दिवसांचा बेत बसतो. जिल्हा रुग्णालयांत साधं स्कॅनर असलं तरी फाइल नागपूरला येऊ शकते. पैशाचं विचाराल तर नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, आणि २०१५ च्या योजनेनुसार आरोग्य हे त्याच्या अग्रक्रमाच्या कामांत आहे. फक्त मागणीपत्रात यंत्राच्या किमतीसोबत ठोकळे, बर, वार्षिक दुरुस्ती आणि चालवणाऱ्या माणसाचा पगार या चार ओळी आधीच लिहिलेल्या असाव्यात. नाहीतर उद्घाटनाच्या फोटोनंतर ते यंत्र कापडाखाली झाकून ठेवलं जाईल, आणि एटापल्लीच्या रुग्णाला पुन्हा महिन्याभरानंतरची तारीख मिळेल.